खिशांतील कॅमेरा : जिंकणें आणि शिकविणें

लेखणी घरोघर पोंचली म्हणून घरोघर ग्रंथकार निपजले नाहींत. परंतु ज्याच्या अंगीं लिहिण्याची ओढ होती त्याची वाट मात्र त्यामुळें मोकळी झाली. चित्रपटाच्या बाबतींत हीच गोष्ट गेल्या वीस वर्षांत घडली आहे. पूर्वी चित्रपट काढावयाचा म्हणजे कॅमेरा, फिल्म, दिवे, ध्वनिलेखनाचें यंत्र आणि हें सर्व वाहून नेणारीं माणसें एवढा संसार जमवावा लागे. आज बोलण्यासाठीं म्हणून घेतलेलें यंत्रच कॅमेरा असतें, फिल्महि तेंच, संकलनाचें टेबलहि तेंच आणि तयार चित्र दाखविण्याचा पडदाहि तेंच. साधनाची अडचण अशी सरली, तेव्हां खरी अडचण कोणती होती तें दिसूं लागलें. काय पाहावें, किती पाहावें आणि कोठें थांबावें हें यंत्र सांगत नाहीं. तें माणसालाच शिकावें लागतें. मोबाइलवर काढलेल्या चित्रपटांच्या हौशी स्पर्धा, त्या जिंकणारीं माणसें आणि जिंकल्यानंतर त्यांनीं पुढच्या स्पर्धकांना करावयाचें मार्गदर्शन यांचा विचार याच दृष्टीनें केला पाहिजे.

मोबाइलमध्यें कॅमेरा आल्यावर अशा स्पर्धा निघण्यास फार काळ लागला नाहीं. २००५ सालीं पॅरिस येथें ‘मोबाइल फिल्म फेस्टिव्हल’ सुरू झाला. त्याचा नियम अगदीं सुटसुटीत होता : एक फोन, एक मिनिट, एक चित्रपट. आपल्याकडे २०११ सालीं सुरू झालेल्या ‘इंडिया फिल्म प्रोजेक्ट’ या उपक्रमानें पन्नास तासांची स्पर्धा लोकप्रिय केली. स्पर्धेच्या आरंभीं विषय जाहीर होतो आणि त्या क्षणापासून पन्नास तासांच्या आंत कथा, चित्रण, संकलन आणि ध्वनि हें सर्व आटोपून चित्रपट धाडावा लागतो. त्यांत मोबाइलवर चित्रण करणारांसाठीं निराळा विभाग ठेवण्यांत आला. ऑस्ट्रेलियांत सिडनी शहरीं १९९३ सालीं ट्रॉपिकाना नांवाच्या एका उपाहारगृहांत जॉन पोलसन यांनीं लघुपटांचा जो मेळावा भरविला तो पुढें ‘ट्रॉपफेस्ट’ या नांवानें जगभर गाजला. ती स्पर्धा केवळ मोबाइलची नव्हती. तिच्या संयोजकांनीं एक युक्ति योजिली होती. दरवर्षीं ते एखादी वस्तु किंवा खूण जाहीर करीत आणि ती प्रत्येक चित्रपटांत कोठें तरी दिसलीच पाहिजे असा दंडक घालीत.

वरवर पाहतां हे नियम जाचक वाटतात. परंतु प्रत्येकामागें कारण आहे. मिनिटांची मर्यादा घातली म्हणजे लांबलचक काम करण्याची ऐपत असणारा आणि नसणारा एका पायरीवर येतात. तासांची मर्यादा घातली म्हणजे पैशाचा जोर ओसरतो, कारण दोन दिवसांत पैसा खर्च करण्यासहि फारसा अवकाश मिळत नाहीं. ठरलेली खूण दाखविण्याची सक्ति केली म्हणजे कपाटांतील जुनें चित्र काढून आणतां येत नाहीं. काम ताजेंच करावें लागतें. वृत्ताचें बंधन कवीला जसें शब्द निवडावयास लावतें, तसेंच हें बंधन स्पर्धकाला प्रसंग निवडावयास लावतें.

आतां एका विजेत्याचें उदाहरण घेऊं. २००८ सालीं ट्रॉपफेस्टची स्पर्धा न्यूयॉर्क येथें झाली, तेव्हां पहिलें पारितोषिक जेसन व्हॅन गेंडरन या ऑस्ट्रेलियन गृहस्थांच्या ‘मॅनकाइंड इज नो आयलंड’ या लघुपटास मिळालें. हा लघुपट मोबाइलच्या कॅमेऱ्यानें काढलेला होता आणि त्याचा खर्च अवघा सत्तावन्न डॉलर सांगितला जातो. त्याचा विषय होता सिडनी आणि न्यूयॉर्क या दोन श्रीमंत शहरांच्या रस्त्यांवर राहणारीं बेघर माणसें. त्यांत निवेदक नाहीं, संवाद नाहींत. दुकानांच्या पाट्या, रस्त्यांचे फलक, भिंतींवरील जाहिराती यांतील सुटे शब्द एकामागून एक टिपून त्यांचीं वाक्यें जुळविलेलीं आहेत आणि त्या वाक्यांच्या मधून मधून पदपथावरील माणसें दिसतात. शहरानें विक्रीसाठीं रंगविलेले शब्दच जणूं शहराला जाब विचारूं लागतात.

या यशाचें मर्म समजून घेण्यासारखें आहे. त्या काळच्या फोनांची शक्ति किती अल्प होती तें एका हिशेबावरून कळेल. २००७ सालीं बाजारांत आलेला नोकियाचा एन-९५ हा फोन तेव्हां उत्तमांपैकीं समजला जाई. त्याच्या हलत्या चित्राची चौकट ६४० बाय ४८० बिंदूंची होती. म्हणजे एका चौकटींत सुमारें तीन लक्ष बिंदु. आज मध्यम किंमतीच्या फोनांतहि ३,८४० बाय २,१६० बिंदूंची चौकट मिळते. म्हणजे सुमारें त्र्याऐंशी लक्ष. ही वाढ सत्तावीस पटींची आहे. तरीहि तो जुना लघुपट आजच्या प्रेक्षकाला धरून ठेवतो, कारण त्याच्या कर्त्यानें साधनाची दुर्बलता ओळखून विषय निवडला होता. फलकावरचीं ठळक अक्षरें कमी प्रतीच्या चित्रांतहि वाचतां येतात. स्थिर वस्तु टिपावयाची असल्यामुळें हालचालींतील दोष जाणवत नाहींत. शब्दाचें काम लिहिलेल्या अक्षरांनीं केल्यामुळें फोनच्या ध्वनिग्राहकाचा दुबळेपणा झांकला जातो. ज्या गोष्टी त्या फोनला जमणाऱ्या नव्हत्या त्यांच्या वाटेला कर्ता गेलाच नाहीं.

फोनला काय जमतें आणि काय जमत नाहीं हें स्पर्धकानें आधीं जाणलें पाहिजे. मोठ्या कॅमेऱ्यांत प्रकाश झेलणारा पृष्ठभाग चांगला मोठा असतो. फोनमध्यें तो बोटाच्या नखापेक्षांहि लहान असतो. या एका भेदांतून पुष्कळ गुणदोष उद्भवतात. लहान पृष्ठभागामुळें जवळचें आणि दूरचें सारेंच बहुधा सारखें स्पष्ट दिसतें. म्हणून माणसाच्या पाठीमागचा पसारा धूसर करून लपवितां येत नाहीं, तो हातांनींच आवरावा लागतो. अंधारांत पुरेसा प्रकाश न मिळाल्यानें चित्रावर वाळू पसरल्यासारखे कण दिसतात. म्हणून दिवसाचा, खिडकीचा किंवा निदान दारांतील दिव्याचा आधार शोधावा लागतो. फोन उजेडाचें मान आपोआप ठरवितो. त्यामुळें उजेडाच्या खिडकीसमोर बसलेल्या माणसाचा चेहरा काळा पडतो आणि माणूस हलला कीं चित्र कधीं उजळ, कधीं मंद होतें. पडद्यावरील चेहऱ्यावर बोट क्षणभर दाबून धरलें म्हणजे बहुतेक फोनांत हें मान जागच्या जागीं बांधून ठेवतां येतें. बहुतेक फोनांत चित्र एकदम टिपलें जात नाहीं; वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत क्रमानें वाचलें जातें. म्हणून फोन झपाट्यानें फिरविला तर सरळ उभे खांबहि तिरपे पडलेले दिसतात. बोटांनीं चित्र फार मोठें केलें तर फोन नवें कांहीं पाहत नाहीं, जें दिसतें तेंच ताणून दाखवितो. त्यापेक्षां चार पावलें पुढें जाणें केव्हांहि चांगलें.

ध्वनीची गोष्ट याहून महत्त्वाची. प्रेक्षक अस्पष्ट चित्र सहन करतो, अस्पष्ट बोलणें सहन करीत नाहीं. मोकळ्या जागेंत अंतर दुप्पट झालें कीं ध्वनीची तीव्रता चौथाईवर येते. म्हणून आठ फुटांवरून टिपलेल्या बोलण्यांत पंख्याचा आणि रस्त्याचा आवाजच अधिक भरतो. यावर स्वस्त उपाय असा कीं दुसरा एक फोन बोलणाराच्या खिशांत किंवा जवळच्या टेबलावर ठेवून त्यावर आवाज निराळा घ्यावा आणि मागाहून चित्राशीं जुळवावा. कांच पुसणें, येणारे कॉल बंद करणें, आंत जागा शिल्लक आहे कीं नाहीं तें पाहणें, कोपर छातीशीं टेकून फोन दोन्ही हातांनीं धरणें, या गोष्टी क्षुल्लक दिसतात. परंतु पन्नास तासांच्या स्पर्धेंत यांपैकीं एखादी विसरली तरी सारी मेहनत फुकट जाते.

साधन लहान म्हणजे काम लहान असें मात्र नाहीं. दक्षिण कोरियाचे नामवंत दिग्दर्शक पार्क चान-वूक यांनीं आपल्या बंधूंसह आयफोनवर काढलेल्या ‘नाइट फिशिंग’ या लघुपटास २०११ सालीं बर्लिन येथें लघुपटांसाठींचें सुवर्ण अस्वल मिळालें. अमेरिकेचे शॉन बेकर यांचा ‘टँजरीन’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट २०१५ सालीं प्रदर्शित झाला; तोहि आयफोनवरच चित्रित झाला होता. त्याच बेकर यांना पुढें ‘अनोरा’ या चित्रपटासाठीं २०२४ सालीं कान येथील सर्वोच्च पारितोषिक आणि २०२५ सालीं ऑस्कर पारितोषिकें मिळालीं. तथापि ‘टँजरीन’ काढण्यापूर्वीं बेकर कित्येक वर्षें चित्रपट काढीत होते आणि पार्क तर जगप्रसिद्धच होते. ज्यानें आजच फोन हातीं घेतला आहे त्यानें त्यांच्या यशाकडे पाहून फोनचें माहात्म्य वाढवूं नये. त्या यशाच्या मागें असलेल्या सरावाचा हिशेब करावा.

हा सराव नवशिक्याला कोण देणार? चित्रपटाच्या शिक्षणासाठीं पुण्यासारख्या ठिकाणीं १९६० सालापासून सरकारी संस्था आहे. परंतु तेथें प्रवेश मिळणारे थोडे. बाकीच्यांना शिकण्याचा मार्ग म्हणजे आपल्या आधीं ज्यानें ही वाट तुडविली त्याचा सहवास. स्पर्धेच्या विजेत्याचें महत्त्व येथें सुरू होतें. व्हॅन गेंडरन यांनीं आपल्या यशानंतर मोबाइलवरील चित्रणाविषयीं व्याख्यानें दिलीं, शिबिरें घेतलीं आणि सत्तावन्न डॉलरांची ती कथा ठिकठिकाणीं सांगितली. त्यांच्याच देशांत २०१५ सालीं केवळ स्मार्टफोनवरील चित्रपटांसाठीं ‘स्मार्टफोन फ्लिक फेस्ट’ हा महोत्सव सुरू झाला आणि त्यांत मुलांसाठींहि स्वतंत्र विभाग निघाला. जिंकणाऱ्यानें मागें वळून पाहिलें म्हणजे स्पर्धेची शाळा होते.

परंतु जिंकणें हा एक गुण आणि शिकविणें हा दुसरा. विजेता मार्गदर्शक झाला कीं त्याच्यापुढें पहिला मोह उभा राहतो तो स्वतःच्या विजयाचा नमुना करून वाटण्याचा. एखादी कृति जिंकली म्हणजे पुढल्या वर्षीं तिचीं भावंडें स्पर्धेंत उतरतात, हा सर्वच स्पर्धांचा अनुभव आहे. तीच मांडणी, तसाच शेवट, तसेंच करुण संगीत! आपण कां जिंकलों हें विजेत्यालाहि पुष्कळदां नीटसें ठाऊक नसतें; त्या वर्षींचे परीक्षक, त्या वर्षींचे प्रतिस्पर्धी आणि थोडें दैव यांचाहि त्यांत वांटा असतो. म्हणून प्रामाणिक मार्गदर्शकानें विजयाचें सूत्र सांगण्याच्या भरीस पडूं नये; जें पारखून पाहतां येतें तेवढेंच शिकवावें.

तें कसें, हें एका कल्पित उदाहरणानें स्पष्ट होईल. समजा, चाळींत राहणाऱ्या एका मुलाला पाणीटंचाईवर एक मिनिटाचा चित्रपट काढावयाचा आहे. त्याच्या कागदावर धरण आहे, नगरसेवकाची मुलाखत आहे, आंकडे आहेत आणि शेवटीं ‘पाणी वांचवा’ असा संदेशहि आहे. सामान्य मार्गदर्शक त्याला मुलाखत कशी घ्यावी तें शिकवील. चांगला मार्गदर्शक विचारील : पहांटे नळापाशीं उभीं असलेलीं माणसें श्वास रोखून धरतात तो क्षण कोणता? मुलगा थोडा विचार करून सांगेल कीं पाणी येण्यापूर्वीं कोरड्या नळांतून हवेचा फुसफुस आवाज येतो, तेव्हां सगळे बोलावयाचे थांबतात. चित्रपट सांपडला! रांगेंत ठेवलेल्या कळशा, झोंपाळू डोळे, तो फुसफुस आवाज, नळाकडे वळलेलीं तोंडें. आणि पाणी आलें कीं नाहीं हें कळण्यापूर्वींच पडदा काळा. धरण, नगरसेवक, आंकडे यांतील कांहींहि न दाखवितां टंचाई दिसली. मार्गदर्शकानें येथें उत्तर दिलें नाहीं. मुलाच्या पदरीं असलेलें उत्तर त्याला दाखविलें.

मार्गदर्शकानें पाळावयाचें दुसरें पथ्य म्हणजे हात आवरणें. विद्यार्थ्याची चूक दिसतांच फोन आपल्या हातीं घेऊन ‘असें धर’ म्हणणें सोपें असतें. संकलनाच्या वेळीं चार तुकडे आपणच कापून देणें त्याहून सोपें. परंतु तसें केल्यानें चित्रपट सुधारतो आणि विद्यार्थी राहतो तेथेंच. स्पर्धेच्या दृष्टीनेंहि तो अन्याय आहे, कारण ज्याचें नांव लागणार त्याचेंच तें काम असलें पाहिजे. तिसरें पथ्य पराभवाच्या वेळचें आहे. शेंकडों स्पर्धकांत जिंकणारा एखादाच. उरलेल्यांना ‘परीक्षकांना कळलें नाहीं’ असें सांगून गोंजारणारा मार्गदर्शक त्यांचें नुकसान करतो. निकालानंतर आठवडाभरानें विद्यार्थ्यापाशीं बसून त्याचाच चित्रपट आवाज बंद करून एकदां आणि चित्र झांकून एकदां लावावा; दोष त्याचे त्यालाच दिसूं आणि ऐकूं येतात.

मार्गदर्शन घेणें हें नवशिक्याचेंच काम आहे असेंहि कोणी समजूं नये. २०२४ सालीं मुंबईच्या ‘मामी’ या चित्रपट महोत्सवाच्या संस्थेनें पांच दिग्दर्शकांना आयफोनवर लघुपट काढण्यासाठीं निवडलें : अर्चना अतुल फडके, प्रतीक वत्स, फराज अली, सौम्यानंद साही आणि सौरव राय. ही हौशी स्पर्धा नव्हती. निवडलेले पांचहि जण जाणकार होते. तरीहि त्यांच्या पाठीशीं विशाल भारद्वाज, विक्रमादित्य मोटवाने आणि रोहन सिप्पी हे मार्गदर्शक म्हणून उभे होते. यांपैकीं प्रतीक वत्स यांचा ‘ईब आले ऊ’ हा चित्रपट २०१९ सालीं मामीच्याच महोत्सवांत भारतीय चित्रपटांचें प्रमुख पारितोषिक मिळवून गेला होता. ज्या अंगणांत जिंकलें त्याच अंगणांत पुन्हां कोणाचा सल्ला ऐकावयास बसणें यांत कमीपणा नाहीं, हा धडा लहान स्पर्धकांनीं घेण्यासारखा आहे.

आतां सर्वांत अवघड प्रश्न. फोनचा मोठा गुण हा कीं तो कोणाच्या लक्षांत येत नाहीं. मोठा कॅमेरा दिसतांच माणसें सावरून बसतात. फोनकडे कोणी ढुंकून पाहत नाहीं. याच गुणानें बेघरांवरील तो लघुपट शक्य झाला आणि याच गुणांत मोठा धोका आहे. पदपथावर झोंपलेल्या माणसाला दार नाहीं, म्हणून त्याचें घर उघडें आहे असें समजावें काय? त्याच्या दैन्याचें चित्र काढून दुसऱ्यानें पारितोषिक घ्यावें, हें न्यायाचें केव्हां आणि अन्यायाचें केव्हां? व्हॅन गेंडरन यांच्या पुढील आयुष्यांत हा प्रश्न त्यांच्याच घरांत शिरला. त्यांच्या वृद्ध मातेस स्मृतिभ्रंश झाला होता. २०२० सालीं साथीमुळें तिला दुकानांत नेणें अशक्य झालें, तेव्हां कुटुंबानें घरींच वाणसामानाचें लहानसें दुकान मांडलें. त्याचें चित्रण जगभर असंख्य लोकांनीं पाहिलें. पुढें या सर्व कथेवर ‘एव्हरीबडीज ओमा’ हा माहितीपट २०२२ सालीं निघाला. ‘सर्वांची आजी’ असा त्या नांवाचा अर्थ. आणि त्या नांवांतच प्रश्न दडलेला आहे. जिला आपली संमति नीट देतां येत नाहीं अशी आई सर्वांची करण्याचा अधिकार मुलाला आहे काय? त्या माहितीपटांतहि हा प्रश्न टाळलेला नाहीं.

याचें एकच उत्तर सर्व प्रसंगांना पुरणार नाहीं. परंतु कांहीं नियम मार्गदर्शकाला निःशंकपणें सांगतां येतील. ज्याचा चेहरा ओळखूं येतो त्याला चित्रणापूर्वीं विचारावें. तें शक्य नसेल तर चित्रण झाल्यावर त्याला तें दाखवावें आणि त्यानें नको म्हटलें तर त्याच्या देखत पुसून टाकावें. झोंपलेला, आजारी, शुद्ध हरपलेला किंवा अजाण बालक यांच्या बाबतींत केवळ ‘कोणी हरकत घेतली नाहीं’ एवढ्यावर भागत नाहीं, कारण त्यांना हरकत घेतांच येत नाहीं. अशा वेळीं चेहऱ्याऐवजीं हात, पाऊल, अंथरूण, पाठमोरी आकृति दाखवून पुष्कळ सांगतां येतें. किंबहुना अनेकदां अधिक सांगतां येतें. आणि शेवटची कसोटी अशी कीं, ज्याचें चित्र घेतलें तो प्रेक्षकांत येऊन बसला असतां आपल्याला मान वर करून त्याच्याकडे पाहतां येईल काय? ज्या चित्रपटास हें साधत नाहीं त्याला पारितोषिक मिळालें तरी त्याच्या कर्त्यानें तें आनंदानें मिरवूं नये.

महाराष्ट्राला या विद्येची परंपरा नवी नाहीं. दादासाहेब फाळके यांनीं १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आणला. त्यापूर्वीं भांडवल देणाराची खात्री पटविण्यासाठीं त्यांनीं वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट टिपून पडद्यावर दाखविली होती. कित्येक दिवसांची वाढ प्रेक्षकाच्या डोळ्यांदेखत थोडक्या क्षणांत झाली! त्यांत राजवाडा नव्हता, नट नव्हता, पोशाख नव्हता. एक कुंडी, एक अंकुर आणि रोज त्याच जागीं येऊन बसण्याची चिकाटी एवढेंच होतें. आजच्या फोनमध्यें असें चित्रण एका बटणावर होतें. चिकाटीचें बटण मात्र अद्यापि कोणी बसविलेलें नाहीं. तें एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडेच जातें. आणि म्हणूनच जो एकदां जिंकला त्यानें पुढच्याच्या शेजारीं येऊन बसावें, त्याचा फोन त्याच्याच हातांत राहूं द्यावा आणि थोडा वेळ त्याच्याबरोबर नुसतें पाहावें.